जाम झालेलं इंजिन सोडवताना



विहिरीवर लाईट आली, मोटर बसली आणि त्या दिवसापासून खोपटातलं डिझेल इंजिन विसरलं गेलं, ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव घडलेली आहे. इंजिनाची आठवण होते ती डीपी जळाल्यावर. गहू पेरून १८ ते २१ दिवस झालेले असतात, मुकुटमुळं फुटायची वेळ असते. या वेळचं पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढच्या पाळ्यांनी भरून निघत नाही. नवा डीपी उद्या येतो की पंधरा दिवसांनी, हे कुणी सांगू शकत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, अरे, आपलं जुनं इंजिन आहे की! खोपटाचं दार उघडतात, हँडल लावतात, आणि चाक तसूभरही हलत नाही. इंजिन जाम.

मग जो तो आपापला उपाय सांगतो. कुणी रॉकेल ओता म्हणतो, कुणी चिंचेचं पाणी, कुणी एरंडेल. संध्याकाळपर्यंत सगळं ओतून होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घण येतो. माझ्या पाहण्यात जी जाम इंजिनं कायमची मोडीत गेली, त्यांतली बरीचशी गंजाने गेलेली नव्हती, घणाने गेलेली होती. म्हणून घरात मिळणारा कोणता द्रव या कामी पडतो, कोणता घात करतो आणि हात कुठे थांबवायचा, हे आज आपण पाहू. मी शेतकीचा पदवीधर आहे, फिटर नव्हे. पण गावोगावच्या जुन्या मिस्त्र्यांजवळ बसून जे शिकलो आणि डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच सांगतो.

आपल्याकडे विहिरीवर सर्वांत जास्त दिसतं ते लिस्टर धर्तीचं इंजिन. इंग्लंडमधल्या डर्सली या गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ साली हे उभं, एका सिलिंडरचं, संथ चालणारं इंजिन बाजारात आणलं. त्याच धर्तीची इंजिनं पुढे राजकोटच्या कारखान्यांतून हजारोंनी निघाली आणि आपल्या विहिरींवर आली. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची, १९४६ साली सुरू झालेल्या कारखान्याची, इंजिनंही घरोघर आहेत. मी सांगतो ते मुख्यतः एका सिलिंडरच्या उभ्या इंजिनाला धरून सांगतो. दोन्ही बाजूंना जड चाकं, मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे, सगळे भाग हाताला येण्यासारखे, असं हे इंजिन. ते सोडवणं नव्या गाडीच्या इंजिनापेक्षा पुष्कळ सोपं आहे.

आता ते जाम का होतं? सिलिंडरची आतली भिंत बिडाची, पिस्टनच्या रिंगा बिडाच्या, आणि रिंगा भिंतीला सतत दाबून बसलेल्या. इंजिन थांबलं तेव्हा धुराचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल आणि सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे असेल, तर पावसाचं पाणी सरळ पिस्टनच्या डोक्यावर जातं. पाऊस नसला तरी दमट हवा जातेच. गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. रिंग आणि भिंत यांच्यात मुळात केसाएवढीही जागा नसते, तिथे गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखं होतं. ही पाचर थोडी भिजवावी लागते, थोडी मोडावी लागते. एका रात्रीत ती निघत नाही, हे आधीच मनाशी धरा.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. इंजिन उभं असताना जाम झालं, की चालता चालता थांबलं? पाणी आटून किंवा तेल संपून तापलं आणि आवाज करत थांबलं असेल, तर आत पिस्टनचा धातू भिंतीला फासला गेलेला असतो, नाहीतर बेअरिंग धरलेलं असतं. तिथे कुठलंही तेल ओतून उपयोग नाही. ते उघडावंच लागतं, मिस्त्री बोलवा. उभ्या उभ्या गंजून जाम झालेल्या इंजिनासाठीच पुढचं सगळं आहे.

दुसरी गोष्ट, जाम नेमकं काय झालंय ते पाहा. पंपाचा पट्टा उतरवा, कपलिंग असेल तर ते सोडा आणि मग चाक हलवून बघा. पुष्कळदा इंजिन मोकळं असतं आणि पंपातला पंखा गंजून धरलेला असतो. एका वस्तीवर तीन दिवस इंजिनात रॉकेल ओतत होते, पट्टा उतरवल्याबरोबर चाक फिरलं! कधी एखादा व्हॉल्व्ह आपल्या नळीत अडकलेला असतो. तेव्हा रॉकर आणि पुशरॉडही एकदा पाहून घ्या. पुशरॉड वाकलेला दिसला तर समजावं, कुणीतरी आपल्या आधी जोर लावून गेलंय.

मग क्रँकचेंबरचं झाकण उघडा. तेलाचा रंग पाहा. पांढुरकं, ताकासारखं झालं असेल तर आत पाणी आहे. पाणी तेलाच्या खाली बसतं, म्हणून खालचा बूच काढला की आधी पाणीच येतं. ते सगळं काढून टाका. झाकणातून हात घालून क्रँकच्या आजूबाजूला उंदराचं घर, चिंध्या काही नाहीत ना हेही चाचपा. हात घालण्याआधी मात्र बॅटरीच्या उजेडात नीट बघून घ्या. अशा उबदार, अंधाऱ्या जागी फक्त उंदीरच असतो असं नाही.

आता ओतायचं काय, ते पाहू.

सर्वांत साधा आणि भरवशाचा द्रव म्हणजे डिझेल. ते पातळ आहे, फटीत झिरपतं आणि थोडं वंगणही देतं. त्यात निम्मं पातळ तेल मिसळलं तर आणखी चांगलं. पॉवर स्टिअरिंगमध्ये किंवा ऑटोमॅटिक गिअरमध्ये घालतात ते लाल पातळ तेल यासाठी उत्तम. तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर डिझेलात थोडं नवीन इंजिन ऑईल चालेल. रॉकेलही झिरपतं, पण त्याला वंगण फार कमी, आणि हल्ली ते सहज मिळतही नाही. घरात जुनी बाटली असेल तर वापरा, त्यासाठी वणवण करू नका.

शहरातले गॅरेजवाले लाल तेल आणि ॲसिटोन निम्मेनिम्मे करून वापरतात. नखाचं पॉलिश काढायला वापरतात, त्या जातीचं हे पाणी. ते झिरपतं चांगलं, पण तेलात नीट मिसळत नाही. बाटली दर वेळी हलवावी लागते. शिवाय ॲसिटोन पटकन उडून जातं आणि त्याची वाफ थंडीतही पेट घेते. विडी ओढणारे चार जण भोवती उभे असताना हा प्रयोग नको. पेट्रोलचंही तेच. पेट्रोल ओतूच नका. ते रिंगांवरचं उरलंसुरलं तेल धुऊन नेतं आणि खोपटात वाफ कोंडली तर एक ठिणगी पुरते.

आता खायच्या तेलांकडे येऊ, कारण हात आधी तिकडेच जातो. जवसाचं आणि करडईचं तेल इंजिनाजवळ आणूच नका. ही सुकणारी तेलं आहेत. हवेत राहिली की त्यांची चिकट साय धरते आणि पुढे ती टणक होते. जवसाच्या तेलावर रंग आणि व्हार्निश चालतात ते याच गुणामुळे. रिंगा सोडवायला गेलात आणि रिंगांना व्हार्निश लावून आलात, असं व्हायचं. त्या तेलाने भिजलेले बोळे ढिगाने टाकले तर आपोआप तापून पेटतातही. शेंगतेल तितकं वाईट नाही, पण तेही महिनोन्‌महिने राहिलं तर चिकटतं. खोबरेल तेल आपल्याकडे हिवाळ्यात थिजतं, ते फटीत काय जाणार? एरंडेल सुकत नाही आणि वंगण म्हणून ते नामी आहे, पण इतकं दाट की बारीक फटीत शिरतच नाही. चाक सुटल्यावर लावायला ठीक, सोडवायला नाही.

राहिली आंबट पाणी. चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाटलीतलं काळं थंड पेय. यांच्यातल्या आम्लाने गंज खरोखरच विरघळतो, हे खोटं नाही. तांब्याचा हंडा चिंचेने उजळतो तसंच ते. पण हंडा आपण लगेच धुतो, पुसतो. बंद सिलिंडरमध्ये शिरलेलं आंबट पाणी धुणार कसं? गंज खाऊन झाला की ते चांगलं बीड खायला लागतं, आणि निथळून गेलं तरी मागे ओल ठेवतं. चार दिवसांत नवा गंज. म्हणून ही पाणी सुट्या केलेल्या नटबोल्टांसाठी ठेवा. एक रात्र बुडवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, तेल लावा. तिथे ती छान काम करतात.

आणि कॉस्टिक सोडा, बॅटरीचं ॲसिड? नाही म्हणजे नाही. कॉस्टिकने ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळतं, त्यातून पेट घेणारा वायू निघतो, आणि एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. आपल्या इंजिनाचा पिस्टन बिडाचा आहे की ॲल्युमिनियमचा, हे पाहायचं असेल तर जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक लावून बघा. बिडाला चिकटेल, ॲल्युमिनियमला चिकटणार नाही.

ओतायचं कुठून? ट्रॅक्टर किंवा जीप असेल तर प्रत्येक सिलिंडरचं नोझल किंवा प्लग काढून त्या भोकातून. पण एका सिलिंडरच्या उभ्या इंजिनाचं हेडच काढावं, असं माझं मत आहे. डिझेल, पाणी आणि धूर यांचे पाईप सोडले, रॉकर आणि पुशरॉड काढले, चार मोठे नट काढले की हेड उचललं जातं. ते जड असतं, दोघांनी उचला. पुशरॉड कोणता कुठला यावर खूण करा. हेडखालची गॅस्केट किती आणि केवढ्या जाडीची निघाली ते लिहून ठेवा. बसवताना तेवढ्याच जाडीची नवी हवी, नाहीतर पिस्टन हेडला आपटेल.

हेड निघालं की सगळं चित्र समोर दिसतं. पिस्टन खाली असेल तर त्याच्यावरची भिंत गंजलेली असणार. ही भिंत साफ केल्याशिवाय पिस्टन वर आणण्याची घाई करू नका, नाहीतर रिंगा त्या गंजात आणखी रुततील. पिस्टनच्या कडेने ग्रीसचा जाड वळसा द्या म्हणजे भुसा फटीत जाणार नाही. मग बारीक पॉलिश पेपर डिझेलमध्ये बुडवून भिंत गोल गोल घासा. नंतर ग्रीससकट सगळा कचरा स्वच्छ पुसून घ्या आणि मगच द्रव ओता. लिस्टर धर्तीच्या ६ हॉर्सपॉवर इंजिनाचा सिलिंडर साधारण ११५ मिलिमीटर रुंद असतो. त्यात १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप ओतला की सुमारे १ सेंटिमीटरचा थर होतो. तेवढा पुरे. बादलीभर ओतल्याने काम लवकर होत नाही.

थराची उंची काडीने मोजा आणि वर पोतं झाका. दुसऱ्या दिवशी थर कमी झाला असेल तर आनंद माना, कारण द्रव रिंगांवरून खाली वाट काढतोय. पुन्हा तेवढाच घाला. थर हललाच नाही तरी निराश होऊ नका, पहिले दोन-तीन दिवस असं होतं. आठवडाभर तरी थांबायची तयारी ठेवा. गहू तहानलेला असताना आठवडा थांबायला सांगणं कठीण आहे, याची मला कल्पना आहे. म्हणूनच माझा आग्रह आहे की हे काम डीपी जळायची वाट न पाहता आत्ताच, सवडीच्या दिवसांत करून ठेवावं. पाणी लगेच हवं असेल तर शेजारचं इंजिन भाड्याने आणा आणि आपल्याला त्याच्या वेळाने सुटू द्या.

या दिवसांत उष्णतेची मदत घेता येते. सिलिंडरभोवती पाणी खेळायची जी जागा असते, तिच्यात दुपारी गरम पाणी सोडा. हात पोळेल इतकं गरम असावं, उकळतं नको. रात्री ते काढून टाका, बीड थंड होऊ द्या. तापणं आणि निवणं यांत लोखंड फुगतं आणि आकसतं, गंजाची पकड तडकते आणि तेल आत ओढलं जातं. काही जण खाली काटक्यांचा जाळ करतात, ते करू नका. वर डिझेल भरलेलं आहे हे विसरून कसं चालेल?

चौथ्या-पाचव्या दिवसापासून चाक रोज हलवून बघा. दोन्ही हातांनी चाकाची कड धरा आणि पुढे-मागे, पुढे-मागे झुलवा. एकाच बाजूला रेटू नका. सुताएवढं हललं तरी पुरे, तेल घाला, उद्या आणखी सूतभर. मागे-पुढे झुलवल्याने गंजाचा भुसा सुटतो. एकाच दिशेने रेटलं तर तोच भुसा पुन्हा पाचरीसारखा बसतो.

जोर किती लावायचा? एका माणसाच्या दोन हातांत जेवढा आहे तेवढा. चाकाच्या आऱ्यांत पहार घालून चार जणांनी लोंबकळायचं नाही. चाकाची चावी तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर बिडाचा आरा मोडतो. आणि आपली बरीच इंजिनं विहिरीच्या काठावर आहेत! पहारेवर सगळं अंग टाकलेलं असताना चाक एकदम सुटलं तर माणूस कुठे जाईल, ते बघा. काठाकडे पाठ करून कधीही जोर लावू नका.

ठोकायचंच असेल तर पिस्टनवर बाभळीचा, पिस्टनपेक्षा थोडा लहान गोल ठोकळा ठेवा आणि त्यावर लाकडी मोगरीने बेताचे ठोके द्या. लोखंडी घण नको. त्यातही एक पथ्य आहे. आधी झाकणातून क्रँक कुठे आहे ते पाहा. पिस्टन अगदी वर किंवा अगदी तळाशी असेल तर रॉड आणि क्रँक एका सरळ रेषेत येतात. तेव्हा कितीही ठोका, चाक फिरणार नाही, तो मार सगळा बेअरिंगवर जाईल. क्रँक कडेला असेल तरच ठोक्याचं काम होतं. आठवड्यानेही दाद दिली नाही तर रॉडचे खालचे बोल्ट झाकणातून सोडून पिस्टन खालून लाकडाने वर काढावा लागतो. ते काम जाणत्या मिस्त्र्याकडून करून घेतलेलं बरं. जीप-ट्रॅक्टरवाल्यांना एवढंच सांगतो, गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू नका. एवढा जोर कुठे मोडेल हे कुणाच्याच हातात नसतं.

समजा, चाक फिरलं. गावात पेढे वाटायच्या आधी भिंतीवरून बोटाचं नख फिरवा. डाग दिसतात पण नख अडत नाही, तर इंजिन चालेल. खड्ड्यात नख अडकलं तर नवा लायनर आणि रिंगा लागतील.

हेड बसवताना समोरासमोरचे नट थोडे थोडे, आळीपाळीने कसा. जुनं तेल सगळं काढून टाका. इतके दिवस ओतलेलं डिझेल खाली त्यातच उतरलेलं असतं, आणि अशा पातळ तेलावर इंजिन चालवलं तर तासाभरात बेअरिंग जाईल. नवं तेल भरा. मग नोझल न लावता वीस-पंचवीस फेरे हाताने मारा. पिस्टनवर द्रव उरला असेल तर तो भोकातून उडून जाईल. तोंड बाजूला ठेवा. नोझल लावून तसंच हँडल मारलं आणि आत द्रव असला तर तो दबत नाही, रॉड वाकतो.

आणखी एक तपासणी कुणी करत नाही आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. डिझेल पंपाचा दांडा आणि गव्हर्नर बोटाने हलवून बघा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात हा दांडा पूर्ण उघडा असताना गंजून बसलेला असू शकतो. मग इंजिन सुरू होताच वेग वाढतच जातो, आवरत नाही आणि जड चाक फुटून तुकडे उडतात. दांडा सरकन मागेपुढे झाल्याशिवाय हँडल मारायचं नाही. तरीही पहिल्या वेळी एक जण डिझेलच्या कॉकजवळ आणि एक जण हवेच्या तोंडाजवळ जाड फळी घेऊन उभा ठेवा. वेग आवरेनासा झाला तर कॉक बंद करायचा आणि फळीने हवा कोंडायची, हाताने किंवा फडक्याने नाही. पोरंबाळं खोपटाबाहेर, आणि चाकांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

पहिल्यांदा पंपाचा पट्टा न लावता पाच मिनिटं चालवा. उरलेलं तेल जळून थोडा वेळ पांढुरका धूर येईल, तो कमी होत जायला हवा. बंद करा, बेअरिंगवर हात ठेवून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. ठीक असेल तर पुन्हा अर्धा तास चालवा, मग पट्टा. चार-पाच तासांच्या कामानंतर तेल पुन्हा एकदा बदला. काढलेलं काळं तेल विहिरीच्या काठावर किंवा पाटात ओतू नका, डब्यात भरून तालुक्याच्या गॅरेजला द्या. तेच पाणी आपण पितो.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा उभं राहणारच आहे. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घाला, सिलिंडरभोवतीचं पाणी काढून टाका. दर अमावास्या-पौर्णिमेला हाताने दहा फेरे मारा आणि चाक जिथे जड लागतं तिथे सोडा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि बाहेरची दमट हवा आत जात नाही. डबा मात्र हँडल मारायच्या आधी आठवणीने काढा, नाहीतर तो शेजाऱ्याच्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन पडेल.